दफ्तरदिरंगाई आणि लोकसेवेचा हक्क

सरकारी कचेरींत 'उद्यां या' हे शब्द ऐकले नाहींत असा गृहस्थ आमच्या पनवेल तालुक्यांत विरळाच. उत्पन्नाचा दाखला आठ दिवस उशिरां आला, तर एखाद्या मुलाचा कॉलेजांतील प्रवेश हुकतो.

या दफ्तरदिरंगाईवर महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं लोकसेवा हक्क अधिनियम केला. अधिसूचित सेवेची मुदत आणि ती देणारा अधिकारी, हीं दोन्ही कचेरीच्या फलकावर लिहिणें त्यानें बंधनकारक झालें. अर्जाची तारखेसह पोंच मिळते. ती जपून ठेवावी. दाखला वेळेंत न मिळाल्यास त्याच खात्यांत दोन अपिलें, आणि पुढें लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरें. अकारण विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊं शकतो. रक्कम मोठी नव्हे. परंतु उशिराची किंमत पूर्वीं एकटा अर्जदारच मोजीत असे, हें विसरूं नये.

त्याच सालीं पुष्कळ दाखल्यांसाठीं प्रतिज्ञापत्राऐवजीं स्वयंघोषणापत्र आलें, व नकलेवर स्वतःची सही चालूं लागली. गुणपत्रिका घेऊन सहीसाठीं दारोदार हिंडणारीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत!

२०१८ पासून संगणकीय सहीचा सातबारा घरबसल्या निघतो. विमानतळापायीं जमिनींना भाव आलेल्या या तालुक्यांत ही सोय थोडी नव्हे. मात्र वारसाची नोंदच अडली असेल, तर संगणक काय करणार? मंडळ अधिकाऱ्यानें फेरफार प्रमाणित केल्यावांचून उताऱ्यावर नवें नांव चढत नाहीं.