डोळ्यांआधी कान

चैत्रात कडुनिंब फुलला की त्याचा मंद गंध अकोल्याच्या जठारपेठेतही दरवळतो. पण तो घेण्याइतकी उसंत किती जणांस असते? इंद्रियांचे हे मांद्य घालविण्यासाठी हिमालय गाठावा लागत नाही. जिल्ह्याच्या उत्तरेस नरनाळ्याचे रान आहे आणि त्याला लागून, १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प असलेला मेळघाट. तेथे जाणारे बहुधा वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसून परततात. वास्तविक वानराचा खाकरा, चितळाची तीक्ष्ण हाक यांवरून वाघाची चाहूल आधी कानांनाच लागते; पण त्यासाठी मोटारीतली बडबड थांबावी लागते.

२०२५ साली दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली हे वनखात्यातले नोकरदारच होते. दप्तर त्यांनाही चुकले नसेल. तरीही आदिवासींच्या संगतीत ते रान ऐकावयास, हुंगावयास शिकले. याला कोणी अध्यात्म म्हणो वा न म्हणो, ‘मी’ काही काळ गप्प बसल्याखेरीज ते साधत नाही.

जठारपेठेतल्या शिक्षकाने सहलीपूर्वी मुलांना शाळेच्या अंगणात दहा मिनिटे डोळे मिटून बसवावे. भारद्वाज कोणत्या बाजूस घुमला, एवढेच विचारावे.