वंगणाची मात्रा

जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सचा जीर्णोद्धार म्हटला म्हणजे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम काचेवरील बुरशीकडे आणि ओरखड्यांकडे जाते. परंतु ज्याने ही विद्या हात काळे करून संपादन केली आहे, तो आधी लेन्सचे कडे फिरवून पाहतो, कारण ते कडे कोठे अडते, कोठे सैल पडते आणि हात काढताच जागच्या जागी राहते की नाही, यावरून तिच्या प्रकृतीचे निम्मे निदान होते, आणि हे सर्व गुण अखेर आतल्या चिमूटभर वंगणावर अवलंबून असतात.

हुबळी हे वंगणाचे मोल जाणणारे शहर आहे. सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना येथे गेल्या शतकाच्याही आधी उभा राहिला आणि इंजिनांच्या आसांना तेल पाजण्याची विद्या येथील कामगारांच्या कैक पिढ्यांनी सांभाळली. कॅमेऱ्याच्या यंत्राशी या मुलखाचा परिचयही जुनाच. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास स्वतःच्या हाताने चित्रपटाचा कॅमेरा घडविला. मात्र रेल्वेच्या आसाला जे वंगण हितकारक, ते लेन्सला घातक ठरते, कारण आसाच्या ठिकाणी घर्षण शक्य तितके नाहीसे करावयाचे असते, तर लेन्सच्या ठिकाणी त्यातला काही अंश जाणूनबुजून राखावयाचा असतो. त्या मंद प्रतिकारामुळेच छायाचित्रकाराच्या बोटांना केसभर फेर कळतो.

लेन्सच्या नळ्या एकमेकींत बारीक, अनेक मुखांच्या (म्हणजे अनेक आरंभबिंदूंच्या) आट्यांनी गुंतलेल्या असतात. झाइसच्या बिओटार या लेन्सवरून रशियातील क्रास्नोगोर्स्क येथे सिद्ध झालेली हेलिऑस-४४ ही लेन्स अशा रचनेचे सर्वपरिचित उदाहरण होय. या आट्यांतील ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट द्रव्याने धरून ठेवलेले तेल. वर्षे लोटली की तेल हळूहळू सुटते आणि मागे उरलेले द्रव्य वाळून मेणासारखे चिकट होते, त्यामुळे कडे फिरेनासे होते. सुटलेले तेल प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या पात्यांवर पसरते, त्याची वाफ काचेवर धूसर थर धरते, आणि जी पाती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिटावीत, ती आळसावून एकमेकींना चिकटतात.

या क्रियेला हवामानाची मदत होते. हुबळी आणि धारवाड ही जेमतेम वीस किलोमीटर अंतरावरची जोडशहरे असली, तरी धारवाड मलनाडच्या उंबरठ्यावर असल्यामुळे तेथे पावसाळी दमटपणा अधिक, तर हुबळीत वैशाखाचे ऊन प्रखर. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पडून राहिलेल्या लेन्सला दोन्ही बाधतात: उन्हाने तेल सुटते, ओलीने बुरशी धरते. सबब येथे वंगण निवडताना पहिली कसोटी ही की, उष्णतेत त्यातले तेल सुटता कामा नये. ग्रीसचा घट्टपणा अमेरिकेतील नॅशनल लुब्रिकेटिंग ग्रीस इन्स्टिट्यूटच्या श्रेणीने मोजतात. ती ००० पासून ६ पर्यंत जाते आणि मोटारीच्या बेअरिंगचे नेहमीचे ग्रीस २ क्रमांकाचे असते. परंतु हा क्रमांक केवळ घट्टपणा सांगतो, तेल किती टिकाव धरील हे सांगत नाही. म्हणून कारागीर कृत्रिम तेलाचे, मंद सुटणारे ग्रीस पसंत करतो, आणि आटे झिजून सैल झाले असल्यास अधिक दाट, घट्ट असल्यास अधिक पातळ अशी तजवीज करतो.

लावण्याची रीत निवडीइतकीच महत्त्वाची आहे. नळ्या सुटतात त्या क्षणी त्यांच्या कडांवर सुईने खूण करावी लागते, कारण अनेक मुखांपैकी एकच मुख खरे असते आणि चुकीच्या मुखाने जोडलेली लेन्स हुबळीच्या नृपतुंग टेकडीवरून दिसणारे दूरचे क्षितिज कधीही स्पष्ट दाखवीत नाही. मग पांढऱ्या पेट्रोलने आणि लाकडी काडीने आट्यांच्या खाचांतले जुने वंगण तळापर्यंत काढतात. नव्यात जुन्याची सरमिसळ झाली, तर सारे श्रम व्यर्थ. त्यानंतर बारीक ब्रशाने नवे ग्रीस इतके पातळ लावतात की धातूचा रंग त्यातून दिसावा, नळ्या काही वेळा आतबाहेर फिरवतात आणि कडेला येणारा अतिरिक्त भाग पुसून टाकतात. गायक मल्लिकार्जुन मन्सुरांच्या धारवाडात तंबोऱ्याच्या जवारीचा दोरा सुताभर सरकवून सूर उघडणारे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही मात्रा समजावून सांगण्याची गरज नाही.

निषेधही तितकेच स्पष्ट आहेत. छिद्राची पाती कोरडीच ठेवावीत. घट्ट झालेल्या कड्यात फटीतून तेलाचा फवारा कदापि मारू नये. त्याने कडे त्या दिवसापुरते फिरते, पण तेल काचेपर्यंत पोहोचते. सिलिकॉन ग्रीस पृष्ठभागावरून सरपटत जाते व पुसूनही सहजी निघत नाही, म्हणून तेही टाळावे.

माझ्या मते या विद्येचा खरा निकष एकच आहे: पुढच्या पिढीतील कारागिराला ही लेन्स पुन्हा उघडावीच लागणार, तेव्हा आपले वंगण निर्विघ्नपणे पूर्णतः काढता आले पाहिजे. म्हणून ज्या वाचकांच्या घरी वडिलांचा वा आजोबांचा कॅमेरा असेल, त्यांनी दुरुस्तीनंतर कोणते वंगण कोणत्या तारखेला लावले याची चिठ्ठी त्या पेटीत अवश्य ठेवावी.