पडद्याची रस्त्याकडची बाजू

जळगावचं फुले मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, पडद्याच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सोफा कोणत्या रंगाचा आहे?" खिडकीचं तोंड कुठे आहे हे दुकानदार विचारत नाही, आणि गिऱ्हाईकही आपण होऊन सांगत नाही. सौम्य हवेच्या गावात हे खपून जातं. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या खानदेशात मात्र सोफ्याला शोभणारा पडदाच खोलीची भट्टी करतो. याच्या मुळाशी काही पक्क्या बसलेल्या समजुती आहेत.

"जाड, गडद पडदा लावला की खोली थंड"

अंधार होतो, एवढं खरं. अंधाराला आपण गारवा समजतो, इथेच फसगत होते.

ऊन आधी काचेतून आत येतं आणि मग पडद्यावर पडतं. साधी काच उन्हातली ८० टक्क्यांहून जास्त उष्णता आत सोडते. गडद मरून किंवा कॉफी रंगाचं कापड ती शोषून घेतं आणि स्वतः तापतं. तापलेल्या कापडातून निघणाऱ्या उष्णतेच्या लहरी लांब असतात आणि त्यांना काच बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे आत आलेली उष्णता आतच राहते. खात्री करायची असेल तर दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीपाशी जा आणि काच व पडदा यांच्यामध्ये हात घाला. खाली गरम लागेल, वर रॉडपाशी चांगलीच झळ बसेल. तिथली तापलेली हवा वर चढून रॉडच्या फटीतून खोलीत येते, तिच्या जागी खालून दुसरी हवा ओढली जाते, आणि ऊन उतरेपर्यंत हा फेरा चालूच राहतो. जुन्या घरांत रॉड झाकायला वर लाकडी पेलमेट असायचं. ही वरची फट ते बंद करायचं. जुनाट दिसतं म्हणून आपण ते काढून टाकलं आणि चकचकीत स्टीलचे रॉड मिरवायला लागलो.

पडदा आतूनच लावायचा असेल तर त्याची रस्त्याकडची बाजू पांढरी हवी. खोलीकडे दिसणारा रंग तुमच्या आवडीचा असू द्या, मागे पांढरं अस्तर लावून घ्या. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे मध्यम रंगाच्या पडद्याला पांढरं प्लास्टिकचं अस्तर असेल तर आत येणारी उष्णता ३३ टक्क्यांपर्यंत घटते. त्याच खात्याचा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून उतरतं कापडी छत असेल तर उन्हाळ्यात ही घट ७७ टक्क्यांपर्यंत जाते. ऊन काचेच्या आधी अडवलं की निम्मी लढाई जिंकली.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. उन्हाळी वाऱ्यापासून बाग वाचवायला ते बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची भिंत उभी करतात. झळ बागेत शिरल्यावर उपाय शोधत बसत नाहीत. घराच्या खिडकीला तोच नियम लागू आहे. बांबूची चिक, वाशावर ताणलेलं जाड कापड, नर्सरीसाठी मिळणारी ५० किंवा ७५ टक्के सावलीची शेडनेट, काहीही चालेल, पण काचेच्या बाहेर. जळगावच्या एमआयडीसीत तर प्लास्टिकच्या चटया विणणारे कितीतरी कारखाने आहेत, त्यामुळे गॅलरीला चटई टांगलेली घरं गल्लोगल्ली दिसतात. दिसायला ओबडधोबड, पण भरजरी पडद्यापेक्षा कामाची. अट एकच: ती ग्रिलला चिकटवून बांधू नका, वीतभर अंतर सोडा, म्हणजे मधली गरम हवा निघून जाईल. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. चटईवरून हात फिरवल्यावर भुगा लागायला लागला की ती बदलायची. आणि चिक असो की चटई, खालचं टोक बांधलेलं हवं. जूनच्या तोंडावर केळी आडव्या करणारं वादळ चिकेला काय सोडणार?

"सगळ्यात जास्त ऊन दक्षिणेच्या खिडकीला"

हिवाळ्यात हे बरोबर आहे. डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो आणि त्याचं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून थेट आत येतं. तेव्हा ते हवंही असतं. धुळ्याच्या थंडीत ती खिडकी झाकून ठेवणं म्हणजे फुकटची ऊब नाकारणं.

मे महिन्याचा हिशेब वेगळा. जळगाव आणि धुळे दोन्ही शहरं सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. २५ मेच्या आसपास इथे शून्य सावलीचा दिवस येतो: भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. या काळात दक्षिणेच्या खिडकीला तिचा छज्जा पुरतो.

खरी वैरीण पश्चिमेची खिडकी. तिथे छज्जा हात टेकतो, कारण ऊन वरून न येता समोरून येतं. मेअखेरीस दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून ३४-३५ अंशांवर असतो. दीड फुटी छज्ज्याची सावली तेव्हा चार फुटी खिडकीवर जेमतेम एक फूट उतरते. साडेपाचला सूर्य वीसेक अंशांवर येतो आणि जवळजवळ सगळी खिडकी उन्हात असते. दिवसभर तापलेल्या भिंती आणि स्लॅब असतातच, त्यात ही भर पडते. मावळतानाही सूर्य ठीक पश्चिमेला नसतो, वीस-चोवीस अंश उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही संध्याकाळी तिरपं ऊन घुसतं. पूर्वेच्या खिडकीला हेच ऊन सकाळी लागतं, फक्त तेव्हा घर अजून तापलेलं नसतं.

तेव्हा पैसे एकाच खिडकीपुरते असतील तर ते पश्चिमेवर घाला. हॉलमध्ये पाहुण्यांसाठी मखमल आणि पश्चिमेच्या बेडरूमला जुनी चादर, ही वाटणी उलटी आहे.

"कूलर लावला की खिडक्या-पडदे गच्च बंद"

हे एसीला लागू आहे, कूलरला नाही. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून किंवा जाळीतून ओढून आत ढकलतो. ती हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडली तरच नवी आत येईल. समोरची खिडकी बंद करून त्यावर जाड पडदा ओढला की तासाभरात अंगाला चिकचिक सुटते, आणि बोल मात्र कूलरला बसतो. सावलीतली एखादी खिडकी अर्धी उघडी ठेवा आणि तिथे झिरझिरीत पडदा लावा, म्हणजे हवेला वाट मिळेल आणि आडोसाही राहील.

वाळ्याच्या ताट्यांचं तंत्रही हेच. इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यांत दारा-खिडक्यांना ताट्या लावून त्यांवर दिवसभर पाणी मारलं जाई. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. तासाला पाच लिटर पाणी उडालं तर तो एक टनाच्या एसीच्या जवळ जाणारा हिशेब आहे. मात्र त्यासाठी ताटीतून वारा आरपार जायला हवा आणि तो कोरडा हवा. बंद काचेच्या आत ओली चादर टांगली तर खोली नुसती दमट होते. जुलैत, हवा आधीच ओली असताना, ताटीही निरुपयोगी. शिवाय नळाला जिथे काही दिवसांआड पाणी येतं, तिथे ही चैन कुणाला परवडणार हा प्रश्न उरतोच.

रात्रीची गोष्टही इथेच सांगायला हवी. खानदेशात मे महिन्यात दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान तापमान यांत साधारण १५ अंशांचा फरक पडतो. दिवसभर ओढलेला पडदा रात्री तसाच ठेवला तर या फरकाचा फायदा घराला मिळत नाही. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की पडदे बाजूला सारा, खिडक्या उघडा. सकाळी ऊन चढायच्या आत पुन्हा बंद.

स्वयंपाकघर, मुलांची खोली

गॅसशेजारच्या खिडकीला पॉलिस्टरचा लांब पडदा छान दिसतो म्हणून लावू नका. पेटला तर हे कापड वितळून कातडीला चिकटतं. सुती कापड वितळत नाही, पण पेट तेही घेतं. शेवभाजीचा रस्सा उकळत असताना किंवा मिरच्या भाजताना खिडकी सताड उघडी लागते, तेव्हा खालच्या निम्म्या भागापुरता आखूड पडदा पुरे, तोही शेगडीपासून लांब. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स स्वयंपाकघरात नकोच. फोडणीचं तेल आणि धूळ यांचा जो थर प्रत्येक पट्टीवर बसतो, तो काढताना दिवाळीची सफाई तीनदा केल्यासारखी होते.

ब्लाइंड्स सुरक्षित असतात, हाही एक समज. त्यांच्या ओढायच्या दोरीचा फास लहान मुलांच्या गळ्यात अडकून जगभरात मृत्यू झाले आहेत. अमेरिकेत २०१८ च्या मानकानुसार तयार मिळणाऱ्या ब्लाइंड्सना लोंबती दोरी चालत नाही. आपल्याकडे ती सर्रास दिसते. पाळणा किंवा पलंग खिडकीपासून दूर सरकवा आणि दोरी मोठ्यांच्याच हाताला येईल अशा उंचीवर खुंटीला गुंडाळा.

"खिडकी चार फुटी, म्हणून कापड चार फूट"

सपाट ताणलेला पडदा कडेने ऊन आत सोडतो. चुण्या पडायला खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड लागतं, म्हणजे ४८ इंची पन्ह्याचे दोन पन्हे. रॉडही चौकटीच्या दोन्ही बाजूंना थोडा पुढे गेलेला हवा. कापड सुती असेल तर शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढायला शिंप्याला बजावून सांगा, नाहीतर पहिल्या धुण्यातच पडदा आटून खिडकीच्या कठड्याच्या वर चढेल.