भिंत खरवडली, चित्रं निघाली!

घराच्या भिंतीवर रेघोट्या ओढल्या की ओरडा ठरलेला! पण चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीत, प्रागमध्ये, एक घर आहे. त्याची भिंत कलाकारांनी मुद्दाम खरवडली आणि आता ती बघायला जगभरातून माणसं येतात.

घराचं नाव 'उ मिनुती'. गावातल्या जुन्या चौकात, १४१० सालच्या प्रसिद्ध घड्याळाच्या अगदी शेजारी. घर मूळचं पंधराव्या शतकातलं. पुढे युरोपात प्रबोधनकाळ आला, तेव्हा त्याचा थाट बदलला आणि १६००च्या सुमारास भिंतीवर चित्रं आली. बायबलमधली, ग्रीक पुराणकथांमधली. रंग मात्र दोनच, पांढरा आणि करडा.

ही चित्रं रंगवलेली नाहीतच. या कलेला म्हणतात स्ग्राफितो. (जीभ वळली का?) आधी चुन्याच्या गिलाव्यात कोळशाची पूड घालून काळपट थर द्यायचा. त्यावर पांढऱ्या चुन्याचा पातळ हात. तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचं, की खालचा काळा डोकावतो. रंगीत खडूवर काळा खडू फासून तुम्ही पिनेने चित्र कोरता ना, तसंच. फक्त इथे खोडरबर नाही आणि वेळही नाही. चुना वाळला की संपलं! म्हणून एका वेळी पुरं करता येईल तेवढ्याच भागावर पांढरा हात द्यायचा.

वाळलेला चुना इतका टणक का होतो? चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उरतो तो कळीचा चुना. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे भिंतीवर चक्क दगड तयार होतो! आपल्या किल्ल्यांवर चुन्याची घाणी दिसते ना, तिथे मळलेला चुनाही असाच घट्ट झाला.

नंतरच्या काळात कुणीतरी या चित्रांवर सरळ गिलावा थापला. १८८९ ते १८९६ या घरात एक मुलगा राहत होता, फ्रान्झ काफ्का. पुढे जगप्रसिद्ध लेखक झाला. रोज याच दारातून शाळेत जायचा, पण डोक्यावर केवढा खजिना आहे याचा त्याला पत्ताच नव्हता! चित्रं पुन्हा उजेडात आली १९१९च्या सुमारास. आज हे घर संरक्षित आहे. मनात आलं म्हणून कुणी त्याला हात लावू शकत नाही.

पण पावसाला कोण सांगणार? पाऊस काय करतो ते समजायला शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकून बघा (प्यायची नाही हं!). आधी ती दुधाळ होते, कारण तिच्यात चुनखडीचे कण तयार होतात. फुंकतच राहिलात तर पुन्हा नितळ! जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते कण विरघळतात. पावसाच्या पाण्यातही हा वायू थोडा असतोच. ज्याने भिंत टणक केली, तोच तिला कणाकणाने खातो. म्हणून जुनी चित्रं जपणाऱ्यांना अधूनमधून परांचीवर चढावंच लागतं.