दोन यंत्रे, दोन घड्याळे

घरच्या भजनाचे ध्वनिमुद्रण करावयाचे म्हटले की दोन माइकांचा इंटरफेस अपुरा पडतो. गायक, पेटी, तबला, डग्गा, टाळ! मग कोणाचा तरी दुसरा मागून आणावा, असे आम्हां सर्वांस सुचते. परंतु प्रत्येक यंत्राचे स्फटिक-घड्याळ स्वतंत्र असते. दोन्ही सेकंदास ४८,००० नमुने घेत असली, तरी त्यांच्या गतीत दशलक्षात ५० भागांचा फरक असल्यास दहा मिनिटांत ३० मिलिसेकंदांची तफावत पडते. गायक समेवर आणि तबला मागे! वडीलधारी मंडळी त्यासाठी पुन्हा थोडीच गायला बसणार?

म्हणून एकाचे घड्याळ दुसऱ्याने मानावे. दोहोंत एसपीडीआयएफची सोय असल्यास तारेने जोडून दुसऱ्यास बाह्य घड्याळावर ठेवावे. मॅक संगणकावर ‘ॲग्रिगेट डिव्हाइस’ करून दोन्ही एकत्र घेता येतात. तार नसेल तर दुसऱ्यापुढे ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करावी. विंडोजवर बहुतेक प्रोग्राम एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर स्वीकारतात. तेथे आमची पसंती ॲडॅटला: आठ माइकांचा प्रीॲम्प एकाच प्रकाशतारेने पहिल्या इंटरफेसला जोडता येतो. आजीच्या ओव्यांना अर्थात एक माइक पुरे.