चंगळवाद : अर्थ आणि वापर

‘चंगळ’ म्हणजे खाण्यापिण्याची, मौजेची रेलचेल. वाशीच्या घाऊक बाजारात हापूसची आवक वाढून भाव उतरले, की ‘यंदा आंब्याची चंगळ आहे’ असे आनंदानेच म्हणतात. ‘वाद’ जोडला की सूर टीकेचा होतो. गरज नसताना वस्तू घेत राहणे आणि त्यातच सुख मानणे, हा चंगळवाद. १९९१च्या उदारीकरणावरील मराठी लेखनात हा शब्द वारंवार येतो. उदाहरणार्थ, सीवूड्सला रेल्वे स्थानकाला लागूनच मॉल आहे. तिथे फाटक्या बुटांच्या जागी नवे घेणे ही गरज, जुने धड असताना केवळ सवलत दिसली म्हणून तिसरा जोड उचलणे हा चंगळवाद. शब्द पुल्लिंगी, विशेषण ‘चंगळवादी’, सोबत येणारी क्रियापदे ‘बोकाळणे’, ‘फोफावणे’. ‘ग्राहक चळवळ’ चंगळवादाहून वेगळी. ती खरेदीदाराच्या हक्कांसाठी असते.