बर्फावरची होडी आणि शेततळ्यातली दोरी

"ताई, चल लवकर, तळ्यावर होड्या आल्यात," असं धाकटी बहीण म्हणाली, तेव्हा मला वाटलं ही माझी थट्टाच करतेय. बाहेर उणे बारा तापमान. समोरचं अख्खं तळं फरशीसारखं गोठलेलं, त्यावर माणसं खुशाल चालत होती. पाणीच नाही तिथे होडी कुठून येणार?

काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. बहीण अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात राहते. तिचं बाळंतपण आलं ऐन जानेवारीत. आईचे गुडघे दुखतात, एवढा प्रवास तिला झेपणारा नव्हता, म्हणून डिंकाचे लाडू घेऊन मी गेले. आपलं बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगरावर, इथली थंडी मी जन्मभर काढलेली. पण तिथली थंडी म्हणजे डोळ्यांतलं पाणीसुद्धा पापणीवर गोठतं हो!

बाळाला जावईबापूंकडे सोपवून आम्ही दोघी मोनोना तळ्यावर गेलो. पलीकडच्या काठावरची घरं काड्यापेटीएवढी दिसावीत एवढं ते मोठं. आणि त्यावरून पांढरी शिडं सणसणत निघाली होती. आवाज फक्त पात्यांचा, खर्रर्र असा.

जवळ जाऊन पाहिलं. होडी म्हणजे लाकडाची बारा फूट लांब, अरुंद पेटी. एक माणूस पाय पसरून, पाठ टेकून जेमतेम मावतो. आडव्या फळीच्या दोन टोकांना दोन आणि पुढे एक अशी पोलादाची तीन पाती. पुढचं पातं वळवलं की होडी वळते. शीड ६० चौरस फुटांचं, म्हणजे आपल्या सहावारी साडीपेक्षाही थोडं लहानच! या जातीच्या होड्यांना 'डीएन' म्हणतात. १९३६-३७ च्या हिवाळ्यात 'डेट्रॉइट न्यूज' या वर्तमानपत्राच्या कार्यशाळेत ती तयार झाली, म्हणून त्याची आद्याक्षरं. साध्या माणसाला घरी बांधता यावी अशी तिची रचना. त्याआधी अशा होड्या श्रीमंतांकडेच असायच्या. एकोणिसाव्या शतकात हडसन नदीच्या बर्फावर त्या काठाने धावणाऱ्या आगगाडीशी शर्यत लावत.

वेगाचं मला भारी नवल वाटलं. वारा ताशी वीस किलोमीटर असला तरी होडी साठच्या पुढे जाते. असं कसं? तर बर्फावर पात्यांना अडथळा जवळजवळ नसतोच. आणि मोटारसायकलवर बसलं की वारा नसतानाही तोंडावर वारा येतो ना, तसं होडी पळायला लागली की स्वतःचा वारा तयार करते आणि शीड त्यावरही ओढ घेतं. ब्रेक मात्र नाही. थांबायचं तर तोंड वाऱ्याकडे वळवायचं.

एक होडी आमच्याजवळ येऊन थांबली. हेल्मेट काढलं तर आतून पांढरी वेणी बाहेर आली! साठीच्या पुढची बाई. मी चाटच पडले. बहीण म्हणाली, "ताई, याच राज्यातल्या जेन पेगेल या बाईंनी १९६०च्या दशकात पुरुषांबरोबर उतरून डीएन होड्यांच्या शर्यती जिंकल्यात. १९६४, १९७१ आणि १९७२ अशी तीन वर्षं त्या अमेरिकेतल्या वर्षातल्या सर्वोत्तम नौकानयनपटू महिला ठरल्या." आपल्याकडे साठीच्या बाईला आपण काय म्हणतो? आता माळ ओढा, दुसरं काय!

त्या बाईंच्या गळ्यात एक दोरी होती. दोरीच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी आणि मुठींना टोकदार खिळे. मला वाटलं, हे यांचं मंगळसूत्र की काय! विचारलं तर त्यांनी सांगितलं आणि बहिणीने मला मराठीत समजावलं. बर्फ फुटून माणूस पाण्यात पडला, तर काठ हाताशीच असतो. पण ओला बर्फ इतका गुळगुळीत की हात निसटतो. पोहता येणारासुद्धा वर येऊ शकत नाही आणि थंडीने थोड्याच वेळात हातपाय गळतात. अशा वेळी खिळे बर्फात रुतवायचे, पाय मारत अंग आडवं करायचं, पोटावर सरपटत वर यायचं. उभं राहायचं नाही, ज्या बाजूने आलो त्याच बाजूला लोळत जायचं. आणि वाचवायला जाणाऱ्यानेही धावत जायचं नाही. आडवं होऊन दोरी किंवा काठी फेकायची.

एकटं कुणी बर्फावर उतरत नाही. रोज जाडी मोजतात. नुसतं चालायलासुद्धा चार इंच टणक बर्फ लागतो. शेजारच्या मेंडोटा तळ्याच्या गोठण्याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून ठेवल्यात. त्या सांगतात की पूर्वी चार-चार महिने राहणारा बर्फ आता सरासरी तीन महिनेच टिकतो. कालचा बर्फ आजही असेल, असा भरवसा कुणी धरत नाही.

बाई पुन्हा शीड ओढून निघून गेल्या. मी मात्र तिथेच उभी राहिले. खरं सांगते, माझ्या डोळ्यांपुढे तळं नव्हतं, शेततळं होतं.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटातल्या एका बाईची एकोणीस वर्षांची लेक शेततळ्यात गेली. पाण्याची कळशी भरायला वाकली आणि पाय घसरला. तिच्या वहिनीने स्वतःची साडी सोडून फेकली, पण ती पुरली नाही. सगळे म्हणाले, पोरीला पोहता येत नव्हतं. पण तिच्या मदतीला उडी मारलेला भाऊ पट्टीचा पोहणारा होता. तोही वर येऊ शकत नव्हता, शेवटी गड्यांनी बैलांचा कासरा टाकून त्याला ओढला. शेततळ्याच्या उतारावर प्लॅस्टिक अंथरलेलं असतं. पाणी मुरू नये म्हणून ते हवंच. पण त्यावर शेवाळ धरलं की तो उतार बर्फाच्या काठासारखाच. धरायला काही नाही.

२०१६ मध्ये शासनाची 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल अशी तळी खोदली गेली. आपल्या कोरडवाहू जिल्ह्याला त्यांचा आधार झाला, हे मी नाकारत नाही. पण पाणी आलं तसं त्याच्याशी वागायचं शहाणपण आलं नाही. त्या परक्या मुलखात तर खेळायला जाणारी माणसं गळ्यात जीव वाचवायची दोरी घालून जातात. आपल्या बाया रोज कामाला जातात, त्या मोकळ्या हाताने.

परत आल्यावर पुढच्या संक्रांतीला मी गटात विषय काढला. या वेळी वाण म्हणून डबे, चमचे नकोत, ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांना जाड नायलॉनची दोरी द्यायची. क्षणभर कुणीच बोललं नाही. मग एक जण हळूच म्हणाली, "बाई, हळदीकुंकवाला दोरी? आपल्या भागात दोरी म्हटलं की काय आठवतं, तुम्हाला ठाऊक नाही का?" ठाऊक होतं. गटात दोघी अशा होत्या, ज्यांच्या घरातला माणूस त्या दोरीनेच गेला होता. माझी जीभच अडखळली.

तेव्हा मागे बसलेली त्या मुलीची आई उठली. एवढंच म्हणाली, "माझ्या तळ्याला पहिली बांधा."

त्या दिवशी आम्ही दीड-दीड फुटावर गाठी मारलेल्या दोऱ्या वाटल्या. एक टोक काठावरच्या लोखंडी खुंटीला, दुसरं पार तळापर्यंत, म्हणजे पाणी उतरलं तरी हाती लागावं. चारही बाजूंना एकेक. जोडीला झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोरीला बांधून ठेवायचा, फेकायला. एकटीने पाण्यावर जायचं नाही, पोरांना जाऊ द्यायचं नाही. आणि कुणी पडलं तर मागून उडी नाही. आधी दोरी.

मैत्रिणींनो, तळ्याला कुंपण घाला, लेकींना पोहायला शिकवा, हे तर हवंच. पण ते होईपर्यंत दोरीला खर्च फार नाही, खुंटी ठोकायला अर्धा तासही लागत नाही. तुमच्या शेतात, शेजारच्या शेतात तळं असेल, तर या रविवारी एकदा जाऊन बघा. काठावर धरायला काही आहे का?